अवसेला चिखल नसतो

शिरवण्यात शेवंताबाईंची तीन मजली इमारत आहे, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडे रोज पहाटे सव्वापाचला स्वयंपाकघरातला दिवा लागतो. लावणारी संघमित्रा. ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात नोकरी, साडेसातला घराबाहेर पडायचं, म्हणजे लिहायला मिळणार ते पावणेदोन तास. त्या वेळाचे तिचे कायदे असे कडक की पोलीस परवडले! फोन पिठाच्या डब्यात. चहा एकदाच. वही ओट्यावर ठेवून उभ्यानंच लिहायचं, कारण बसलं की डुलकी लागते. सातला तिची आई, भिमाबाई, ओट्याचा ताबा घ्यायची.

"झाला का तुझा चोर पकडून? मला पोळ्या लाटायच्यात," असं रोज वर ऐकवायची.

हा चोर तिच्या पहिल्या कादंबरीतला. कुमारवयीन मुलांसाठी रहस्यकथा, नाव 'अवसेची वाट'. खाडीकाठच्या शाळेतून दुर्बीण चोरीला जाते आणि गोजरा नावाची नववीतली मुलगी छडा लावते. संघमित्रानं तयारीत कसूर ठेवली नव्हती. चावीवाल्याच्या टपरीवर बसून कुलूप कसं उघडतं ते शिकली, पंचनामा कसा करतात ते हवालदाराला विचारून भंडावून सोडलं. पुस्तक छपाईला जायला नऊ दिवस उरले होते.

आणि तिची परीक्षक कोण, तर शेवंताबाई! वय पंचाहत्तर, अक्षरओळख नाही, पण मालिकेतला खुनी पहिल्या जाहिरातीच्या आत ओळखणार. दर रविवारी दुपारी गच्चीवर संघमित्रा त्यांना एक प्रकरण वाचून दाखवायची. आजीला एकदा तरी फसवायचं, ही तिची तीन वर्षांची हौस. म्हणून शेवटची प्रकरणं तिनं राखून ठेवली होती. त्या रविवारी ती काढली. परगावचा चोर अवसेच्या रात्री बारा वाजता चिखल तुडवत खाडीपलीकडे पळतो, तिथवर ती आली.

"थांब गो," शेवंताबाई म्हणाल्या. "अवसंला? बाराला?"

"हो आजी. काळोख हवा ना."

"काळोख घाल चुलीत! अवसंला बाराला खाडी भरलेली आसते. डोक्यावर पानी. चिखल उघडा पडंल सकाळी सहाला. तुजा चोर काय मासा हाय?"

संघमित्राचं तोंड एवढंसं झालं. शेवंताबाईंचं तरुणपण मिठागरात गेलेलं. अवस-पुनवेला बाराच्या भरतीला पाणी आत घ्यायला त्या बांधावर हजर असायच्या. आणि हिचं गाव जालन्याकडचं. तिथं पाणी म्हणजे टँकर, भरती-ओहोटी कुणाच्या बापानं बघितली होती? सगळं विचारलं, शेजारच्या खाडीला तेवढं विचारायचं राहिलं.

तिनं संपादक केतनला फोन लावून घोळ सांगितला. तो म्हणाला, "टेन्शन काय घेतेस? अष्टमी कर, तेव्हा बाराला ओहोटी असते. एका शब्दाचं काम आहे."

"अष्टमीला चंद्र असतो. पुस्तकाचं नावच अवसेचं आहे."

"मग राहू दे. मुलांना कुठे कळतंय?"

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इथल्या खाडीकाठची, दिवाळे-सारसोळे गावांतली पोरं वाचणार आहेत हे पुस्तक. ती हसतील माझ्यावर. तसं छापायचं असेल तर माझं नाव काढून छाप."

"पुढच्या मंगळवारी मशीनवर जातंय, संघमित्रा. त्या पलीकडे एक दिवस देता येणार नाही मला."

"नको देऊस," म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी पहाटे ती ओट्याशी उभी राहिली आणि पाऊण तास नुसती कोऱ्या पानाकडे बघत राहिली. अवस हलवायची नाही. भरती हलणार नाही. मग चिखलातून माणूस जाताना पाहिला तो कुणी? तिच्याच पुस्तकात, शाळेच्या ग्रंथालयातल्या मालतीबाईंनी. सगळ्या पुस्तकात तिचं सर्वांत लाडकं पात्र! आणि चिखल नव्हताच, तर बाई खोटं बोलल्या. कशासाठी बोलतील?

"आई गं!" ती मोठ्यानं ओरडली.

"भाजलं का?" आतून भिमाबाई.

"नाही. चोर सापडला."

मालतीबाईंना चोर करताना तिला खरंच रडू आलं. पण केलं. त्या आठवड्यात तिनं दोन रजा टाकल्या, ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा बाजूला सारून लिहिलं आणि शेवटची पाच प्रकरणं मुळापासून नवी केली. भिमाबाईनं ओटा तिला साडेसातपर्यंत देऊन टाकला आणि पोळ्या खाली बसून स्टोव्हवर केल्या.

रविवारी पुन्हा गच्ची. शेवंताबाई सुपात सुकट निवडत होत्या. संघमित्रा वाचू लागली. मालतीबाई पोलिसांना सांगत होत्या, 'अवसेची रात्र, बारा वाजलेले. मी डोळ्यांनी पाहिलं. चिखल तुडवत तो पलीकडे गेला.'

सूप दाणकन खाली आलं. "परत त्योच चिखल! येवढं सांगून पन तू आपलं तेच धरून बसलीस? शिकलेली पोर, पन कान कुठं हायत तुजे?"

संघमित्रानं पान उलटलं. ती मान वर न करता वाचत राहिली. शेवंताबाईंनी पाठ फिरवली आणि अर्धा तास सुकट निवडत राहिल्या. शेवटी गोजरा मालतीबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

'बाई, अवसेला बारा वाजता खाडी भरलेली असते. आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. मग तुम्ही चिखल कुठं पाहिलात?'

सुकट निवडणारा हात थांबला. शेवंताबाई हळूहळू वळल्या.

"म्हंजे... ती तुजी चूक नव्हती?"

"नाही आजी. बाई खोटं बोलत होत्या."

"आनि मना वाटलं, तूच येडी." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग कपाळावर हात मारला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "माज्याच खाडीत बुडवलंस गो मना!"

संघमित्रा दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली. पहाटेपासून पिठाच्या डब्यातच राहिलेला फोन काढला, ओढणीला पुसला आणि केतनला दोनच शब्द पाठवले. 'आता छाप.'