काटा बसेपर्यंत

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती मुलीचं मनगट दिलं, तर तो तेही पंपासारखंच हाताळणार. यात काटेमास्तरांचा दोष किती आणि आम्ही शेजाऱ्यांनी त्यांचं जे कौतुक केलं त्याचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काटेमास्तर हे अर्थातच टोपणनाव. दर तासाला पाण्याचा दाब दाखवणाऱ्या घड्याळांचे काटे बघायचे आणि आकडे वहीत चढवायचे, ही त्यांची नोकरी. पंप सुरू केला की काटा आधी थरथरतो. थरथरत्या काट्याचा आकडा लिहिणारा माणूस नवशिका, असं तिथे सगळे मानत. काटा बसू द्यायचा, मग लिहायचं. मास्तरांच्या वहीत एकतीस वर्षांत खाडाखोड नाही, हे ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत समोरच्याला सांगत.

त्यांची एकुलती एक मुलगी ठमी. वय एकोणतीस, नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी, आणि नाकावर माशी बसू न देणारी. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली, गालांवर लाल चट्टे उठले, ताप येऊन जाऊ लागला. तपासण्यांचा ढीग झाल्यावर कळलं की राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं, तसं तिच्या शरीराचं झालंय. रोगाशी लढायची जी ताकद, तीच तिच्या सांध्यांवर उलटली होती आणि उद्या मूत्रपिंडावरही उलटू शकत होती. बरं होणं नाही, सांभाळणं आहे, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही.

डॉक्टरबाईंनी एक काम मात्र घरी लावून दिलं. ठमी सकाळी जागी झाली की अंथरुणातून उठायच्या आधी तिची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. "हिचे नेहमीचे ठोके सत्तरच्या आसपास आहेत. सलग तीन दिवस दहाने जास्त आले, तर महिन्याच्या तपासणीची वाट बघू नका. लगेच या," त्या म्हणाल्या. ठमीने हातात बांधायचं यंत्र घेऊ या म्हटलं, तर मास्तर दुखावले. "मी असताना यंत्र कशाला?"

त्यांनी नवी वही आणली, रेघा आखल्या. रोज सकाळी ठमीच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचे, तीन बोटं मनगटावर, नजर सेकंदकाट्यावर. पहिले सात-आठ महिने एका मिनिटात काम उरकायचं. सत्तर. एकाहत्तर. एकोणसत्तर. डॉक्टरबाई वही बघून म्हणायच्या, "काका, असे नातेवाईक मला सगळ्यांचे हवेत." मास्तरांना मूठभर मांस चढायचं.

पुढे एका सकाळी चौऱ्याऐंशी आले. पण मास्तरांचा हात सवयीचाच होता. काटा बसला नाही अजून, असं म्हणून ते थांबले. पुन्हा मोजले, अठ्ठ्याहत्तर. पुन्हा थांबले. चौथ्या खेपेला बाहत्तर. बाहत्तर लिहिले.

त्यात खोटेपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण रोज मोजणीला वेळ जास्त लागत गेला. ठमीची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पोरीची नाडी मोजताय की डोक्यावरचे केस? चहाचं पार पाणी झालं." मास्तर हात हलवून तिला गप्प करायचे. हे तीन आठवडे चाललं.

मग महिन्याची तपासणी आली. ठमीच्या घोट्यांवर सूज होती. डॉक्टरबाईंनी तिला दहा मिनिटं निजवून ठेवलं आणि बोटाला ठोके मोजणारा चिमटा लावला. एकशे दोन. त्यांनी वही उघडली. काल बाहत्तर, परवा एकाहत्तर.

"काका, तुम्ही मोजता कसे, जरा सांगाल?"

मास्तरांनी सांगितलं. थरथर, थांबणं, काटा बसणं, सगळं. सांगताना आवाजात अभिमान होता, म्हणून ऐकवत नव्हतं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "ती थरथरच मला हवी होती," एवढंच म्हणाल्या आणि लघवीच्या तपासणीच्या निकालाचा कागद पुढे केला. मूत्रपिंडाला झळ लागली होती. तीन आठवडे आधी कळतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. त्या 'कदाचित' म्हणाल्या. मास्तरांच्या कानात तो शब्द शिरलाच नाही.

ठमीला त्याच दिवशी दाखल केलं, सलाईनमधून औषध सुरू झालं. आई घरी कपडे आणायला गेली. मास्तर खाटेशेजारी वही मांडीवर घेऊन बसले. ते म्हणाले, "मी तुझा घात केला गं."

"एकट्याने नाही केलात," ठमी छताकडे बघत म्हणाली. "आकडा जास्त आला की तुमचा चेहरा बघवायचा नाही मला. मी श्वास लांबवायचे. हळूहळू सोडला की ठोके उतरतात, हे मला कळलं होतं. तुम्ही थांबायचात आणि मी उतरवून द्यायचे."

"रोज?"

"रोज. तुम्ही लिहून झाल्यावर माझ्या डोक्यावर थोपटायचात ना. मग दिवस बरा जायचा."

मास्तरांना रागवायचं होतं, पण कोणावर ते सुचेना. त्यांनी चष्मा काढला आणि रडले, आवाज न करता, शेजारच्या खाटेवरच्या बाई बघत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीची नर्स फेरी मारून जायच्या आत त्यांनी तीन बोटं ठेवली. ठमीने डोळे मिटले होते. तिची छाती भरभर वरखाली होत होती आणि ती तिला तशीच होऊ देत होती. मिनिट संपलं. एकशे चार. बोटं मनगटावरून उठेनात. अजून एक मिनिट, फक्त एकच, असं आतून कोणीतरी विनवत होतं.

"लिहा, बाबा."

त्यांनी लिहिलं.

"वाढलेत?"

"हो."

"मग आता काय करायचं?"

लहानपणी पहिल्यांदा सायकलची साखळी निसटली तेव्हापासून ती त्यांना हेच विचारत आली होती, आणि दरवेळी त्यांच्याकडे काहीतरी उत्तर असायचंच. मास्तरांनी वही मिटली, परत उघडली.

"आता उद्या सकाळी मोजायचे," ते म्हणाले.