भरलेली खुर्ची

"रंगाऱ्या, भिंतीला रंगाचा हातावर हात मारतोयस, पण माझ्या सुनेच्या पोटाला हात लावायला आत कुणी आहे का?"

दूधवाली दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून भांडत होती. किटली अजून हातातच. मागे बाकड्यावर तिची सून बसलेली, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. मागच्या खेपेला शहराच्या वाटेवर, टेंपोतच तिचं बाळ गेलं. या खेपेला बाळंतपण इथेच, सिस्टरच्याच हातून करायचं, असं सासूनं पक्कं केलं होतं. पण सिस्टर होती कुठे?

"मावशी, माझ्यावर कशाला ओरडता?" रंगारी शिडीवरून म्हणाला. "सुधारणा योजना आहे. तपासणीला साहेब यायच्या आत रंग वाळायला हवा."

"वाळू दे. माणसं तर कधीच वाळलीत!"

आवाज ऐकून कंपाउंडर बाहेर आला. झाडणं, गोळ्या देणं, कुलूप लावणं, सगळ्याला आता तो एकटाच होता. डॉक्टर रुजू झाल्या दिवशीच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात 'तात्पुरते' गेले, ते तिकडचेच झाले. आणि सिस्टरला वरच्या ऑफिसात नेलं होतं. कशाला? तर खेड्यातल्या दवाखान्यात नर्सा टिकवायच्या कशा, याचं प्रशिक्षण द्यायला!

"मग दुसरी मागव की," दूधवाली म्हणाली.

"मागवली. वरचे ऑफिसवाले म्हणतात, तुमच्याकडे जागा रिकामीच नाही. डॉक्टरची भरलेली, नर्सची भरलेली."

दूधवालीनं खोलीत डोकावून पाहिलं. डॉक्टरांची नवी फिरती खुर्ची, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. "हिच्यात कोण बसलंय?"

"कागदावर भरलेली, मावशी."

"उद्या मी रिकामी किटली तुझ्या दारात ठेवते आणि म्हणते, भरलेली आहे. तुझी बायको काय करील?"

"किटलीनंच हाणील."

"मग? आम्हीच तेवढे शहाणे, ऐकून घेतो!"

दुपारी साहेबांची गाडी आली तेव्हा गावातल्या बायका पायरीपासून खोलीपर्यंत दाटीनं उभ्या होत्या. साहेबांनी भिंती पाहिल्या, नळ सोडून पाहिला, "मनुष्यबळ वाढवतोय आम्ही" असं सांगितलं. मग घाम पुसत ते डॉक्टरांच्या खुर्चीवर टेकायला वाकले.

"अहो, बसू नका!"

साहेब अर्धवट वाकलेले तसेच थांबले. विंचू-बिंचू आहे की काय म्हणून त्यांनी मागे पाहिलं. "काय आहे?"

"डॉक्टर आहेत," दूधवाली म्हणाली. "जागा भरलेली आहे. त्यांच्या मांडीवर बसाल."

बायका फुटल्या हसून. शिपायानं घाईनं स्टूल पुढे केलं.

"ते सिस्टरचं. तेही भरलेलं!"

"मग बाकड्यावर बसतो," साहेब चिडून म्हणाले.

"बसा की. पण तिथं आजारी माणसं बसतात. तुम्हाला काय होतंय?"

"मला काही होत नाही!"

"मग उभे राहा."

"सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही!"

"काम चालू तर करा, मग अडथळा आणतो."

तेवढ्यात सून भिंतीला धरून दारात आली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "साहेब, टेंपोत ते माझ्या हातात होतं. गार होईपर्यंत मी हाक मारत होते. मला रंग नको. माझी सिस्टर परत द्या."

कुणी हसलं नाही. साहेबांनी उभ्या उभ्याच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सिस्टर आली. एका फोनवर येणारी बाई इतके महिने का पाठवली नव्हती, हे कुणी विचारेपर्यंत साहेब थांबले नव्हते.

त्याच आठवड्यात सून बाळंत झाली. मुलगी. रडली ती अशी की रस्त्यावरची माणसं थबकली. दूधवालीनं नातीला छातीशी धरलं आणि सरळ जाऊन डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. प्लास्टिक करकरलं.

"मावशी, तिथं..." कंपाउंडर चाचरला.

"डॉक्टर आले की लगेच उठते."

बराच वेळ बसली. शेवटी उठली, ती म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून.