भागलेली गरज

प्रोफेसर वर्षातून दोन-तीनदा आईला भेटायला यायचा आणि खुर्चीच्या कडेवर बसायचा. वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीचं अर्थशास्त्र हा त्याचा विषय, पण त्या देखभालीचा वास त्याला सोसायचा नाही. त्याची धाकटी बहीण आईला न्हाऊ घालायची, भरवायची, कूस बदलून द्यायची. ती त्याला तोंडावर दादा म्हणायची आणि पाठीमागे प्रोफेसर. त्या एका शब्दात ती इतका तिटकारा कोंबायची, की तेवढा शिवीतही मावला नसता.

धाकटी पूर्वी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवणं, हिरडीचा रंग जुळवणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई अंथरुणाला खिळली आणि तिने काम सोडलं. सोड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं होतं. आता लॅबच्या मालकिणीचा निरोप आला होता. सकाळची पाळी मोकळी आहे, महिनाअखेरपर्यंत थांबते, मग दुसरी बघते. धाकटीला ती पाळी हवी होती. साबणाची नवी वडी हातात आली तरी तिची बोटं तिच्यात दात कोरायला बघायची. पण त्यासाठी सकाळी आईपाशी सरकारी मदतनीस मिळायला हवी होती.

मदतनीस कुणाला द्यायची, हे ज्या मोजपट्टीवर ठरायचं ती प्रोफेसरने बनवलेली. तिच्यावर त्याला पारितोषिकही मिळालं होतं. तपासणीला आलेल्या बाईने विचारलं, "आजींची अंघोळ होते?"

"मी घालते."

"म्हणजे होते. गरज भागलेली."

जेवण भागलेलं, कपडे भागलेले, संडास भागलेला. आईला स्वतःची मान उचलता येत नव्हती, पण मोजपट्टीच्या हिशेबात तिला कशाचीही कमतरता नव्हती.

"एक मार्ग आहे, ताई," बाई हळूच म्हणाली. "तुम्ही हे करणार नाही असं स्पष्ट म्हणा. पण आजींसमोर, त्यांना ऐकू जाईल असं. तसा नियमच आहे."

धाकटीने तोंड उघडलं. आई तिच्याकडेच बघत होती. धाकटीने तोंड मिटलं. अर्ज नामंजूर झाला.

तिने भावाला फोन केला. "हा कसला नियम काढलायस, दादा?"

"अगं, तेच तर त्यातलं बलस्थान आहे!" प्रोफेसर खुलला. "आईवडिलांच्या तोंडावर नाही म्हणायला माणूस कचरतो. त्यामुळे अर्ज आपोआप गळतात. घरात असलेलं मनुष्यबळ वाया जात नाही."

"मनुष्यबळ म्हणजे मी."

"व्यापक अर्थाने."

"आणि मी दमले तर?"

"दमणं मोजायला फार अवघड असतं गं."

माणसाच्या लाजेवर दुकान थाटायचं आणि वर त्याला संशोधन म्हणायचं! धाकटीला त्याची किळस आली. मग तिने फेरतपासणीचा अर्ज केला, मालकिणीकडून लॅबच्या वरच्या खोलीचा पत्ता घेतला आणि आईला सगळा बेत सांगितला. झोपायला ती इथेच येणार होती, फक्त कागदावरचा पत्ता तिकडचा; घरात करणारं कुणी नसलं की नियमाने प्रश्न मुलाला विचारला जायचा.

"म्हणजे त्याला विचारतील?" आई म्हणाली. "मग झाला तुझा बेत. माझ्या तोंडावर तो नाही म्हणायचा नाही."

धाकटीने तिची कूस बदलून दिली.

फेरतपासणीला प्रोफेसर हौसेने आला. आपली मोजपट्टी वापरली जाताना त्याने अजून एकदाही पाहिली नव्हती. तपासणीवाली तीच बाई त्याला बघून गडबडली. "सर, तुमचं पुस्तक आम्हाला ट्रेनिंगला होतं." प्रोफेसर फुगला.

"आजींसोबत कोण राहतं?"

"मी राहत होते," बॅग खांद्याला लावून दारात उभी असलेली धाकटी म्हणाली. "आता माझा पत्ता वेगळा आहे."

"हा काय पोरखेळ आहे?" प्रोफेसर ओरडला.

बाई नियमाला धरून चालणारी होती. "मग सर, मुलगा म्हणून तुम्ही आहात. आजींचं तुम्ही कराल?"

आईने मोठ्या कष्टाने डोळे त्याच्याकडे वळवले. त्या क्षणी धाकटीला मनापासून वाटलं, की हा हो म्हणाला तर बरं. पाळी गेली तरी चालेल.

"छे, छे. मी नाही करणार," प्रोफेसर म्हणाला. रिक्षावाल्याला नको म्हणावं तितक्या सहज.

"आजींकडे बघून, सर."

त्याने बघितलं. "आई, मी नाही करणार."

"मंजूर," बाई म्हणाली. "सोमवारपासून मदतनीस येईल."

"बघितलंस?" प्रोफेसर बहिणीकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "उगाच नावं ठेवत होतीस. चोख चालते!"

"फक्त दर वर्षी हा नकार नव्याने घ्यावा लागतो, सर."

"पुढच्या वर्षी नको गं बाई," आई म्हणाली. "एकदा ऐकलं तेवढं पुरे."

प्रोफेसरकडे ढुंकूनही न बघता धाकटीने बॅग खाली ठेवली, आईचे डोळे पुसले आणि मालकिणीला फोन करून सोमवारपासून येते म्हणून सांगितलं.