खिशातला पंप

टेमघरच्या केसरीनाथने पोरीचा दमा दहा वर्षं चोरीच्या मालासारखा लपवला. दर जूनमध्ये तो शाळेत जाऊन मास्तरांना सांगायचा, नेत्राला खेळायला घेऊ नका, तिचा पाय अधू आहे. पाय चांगला धडधाकट होता. पण दम्याचा पंप तोंडाला लागला म्हणजे माणूस कामातून गेला, असं भावकीत ठरलेलं. पोरगी लंगडी चालेल, दमेकरी नको!

बारावीनंतर नेत्रा एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "बसून बसून आणखी कमजोर झालीस तू. रोजचं औषध चुकवू नकोस. पळायच्या आधी पंधरा मिनिटं हा निळा पंप घे, थोडं चाल, अंग गरम होऊ दे, मग पळ."

आठ महिने ती पहाटे, ट्रकांची धूळ उठायच्या आत, मानकोलीच्या रस्त्याला नाकाला ओढणी बांधून पळाली. जिना चढताना धापा टाकणारी पोरगी आठशे मीटर न थांबता मारू लागली. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं, आणि तिथे आठशे मीटर एकदाच पळायला मिळतं. केसरीनाथ दापोड्याच्या गोदामात वॉचमन. ड्युटीवरून परतताना तिला पळताना बघून त्याचा ऊर भरून यायचा. तिला मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही.

भरतीच्या सकाळी त्याची जुनी खोड जागी झाली. नेत्रा केस बांधत होती, तेवढ्यात त्याने तिच्या पिशवीतला निळा पंप काढून आपल्या खिशात टाकला. साहेबांनी पंप पाहिला तर पोरीला गेटावरूनच परत धाडतील, असं त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मैदानात नेत्राने पिशवी चाचपली, मग उलटी केली. बाहेर बाप उभा होता त्या जाळीपाशी ती धावतच आली.

"बाबा, पंप घरी राहिला का?"

"कसला पंप?" शेजारी उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

"कसला न्हाय," केसरीनाथ घाईने म्हणाला. त्याचा हात खिशावरच होता. "तू पल गो बाय. आता बरी हायस तू, तुला काय व्हतंय?"

ती पळाली. पहिल्या फेरीत ती दुसरी होती. दुसऱ्या फेरीत तिचे खांदे वर चढू लागले. ते खांदे केसरीनाथला तिच्या लहानपणापासून ओळखीचे होते. ती चालू लागली, मग खालीच बसली. एकेक करून सगळ्या मुली तिच्या पुढे गेल्या आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली.

तेव्हा कुठे तो सगळ्यांदेखत आत धावला आणि खिशातून पंप काढून तिच्यापुढे धरला. नेत्राने पंपाकडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे. तिने पंप घेऊन ओढला.

दहा-पंधरा मिनिटांत तिची छाती मोकळी झाली. समोर पुढच्या तुकडीच्या मुली रेषेवर उभ्या राहत होत्या.

"बरं वाटतंय ना आता?" त्याने विचारलं.

"हो," नेत्रा उठून उभी राहिली. "आता पळू शकते मी."