खालचा दम

अंगठ्याखाली ती गाठ फिरली — गुळगुळीत, अंड्याच्या निमुळत्या टोकासारखी — आणि नीलाने नेहमीप्रमाणे क्षणभर अंगठा तिथेच दाबून धरला. जुना कॅमशाफ्ट. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या हे ठरवणारा दांडा. अमेरिकेहून मागवलेला, तेल लावून मऊ फडक्यात गुंडाळून आलेला, आणि आता स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी टेकवलेला... नवऱ्याच्या, जयप्रकाशच्या व्हीलचेअरमधून बरोबर दिसेल असा. रोज सकाळी ती तो उचलायची, पुसायची, आणि पुन्हा ठेवताना फरशीवर जरा आपटायची. आवाज त्याच्यापर्यंत पोचायला हवा होता.

पोचत होता. अर्धांगाच्या झटक्याने त्याची उजवी बाजू नेली, वाचा नेली. पण कळतं त्यांना सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी आल्यावर तिने ते वाक्य कितीदा तरी मनात घोळवलं. कळतं सगळं. म्हणजे कान शाबूत, डोळे शाबूत, आणि बोलायला तोंड नाही. देवाने एवढं तरी आपल्या मनासारखं केलं, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही. हॉस्पिटलातल्या बाईंनी त्याला डाव्या हाताच्या दोन खुणा शिकवल्या होत्या — अंगठा वर म्हणजे हो, पंजा पसरला म्हणजे नाही. तेवढ्यावर आता संसार चालला होता.

आज शुक्रवार. बहारीनमधल्या सनद भागातल्या या घराच्या शेडखाली त्याची गाडी उभी होती, जुन्या अमेरिकन पिकअपचा सांगाडा आणि पुढे उघडं आठ सिलिंडरचं इंजिन. पूर्वी दर शुक्रवारी त्याचे सीफमधले बँकवाले मित्र इथे जमायचे. तो इंजिन सुरू करायचा, ते अडखळत, गुरगुरत, हादरत चालायचं, ट्रेमधले चहाचे कप एकमेकांवर वाजायचे, आणि तो बोट वर करून म्हणायचा, ऐका, ऐका! मग गाडी बाहेर निघाली की पहिल्याच सिग्नलला बंद. दोष पेट्रोलचा, उन्हाचा, बहारीनच्या दमट हवेचा. एकदाच नीला बोलली होती, पोह्यांच्या बशा देता देता — या कॅमला खाली कमी वेगात दमच नाही, झडपा फार वेळ उघड्या राहतात, हळू चालवताना गाडी ओढणारच नाही. लग्नाआधी पुण्याला ट्रॅक्टरची इंजिनं तपासायच्या विभागात तिने नोकरी केली होती. कमी वेगातलं ओझं म्हणजे काय ते तिला तळहातासारखं माहीत होतं. त्याने सगळ्यांकडे वळून म्हटलं, "आमची ट्रॅक्टरवाली बोलतेय." सगळे हसले. तीही हसली... का हसले मी? बशी घट्ट धरून का हसले?

आणि तो फोन. त्यांची मुलगी सावनी नुकतीच शाळेत जायला लागली होती तेव्हाचा. जनरेटर बनवणाऱ्या एका कंपनीने नीलाला नोकरीसाठी विचारलं होतं; ती आंघोळीला गेलेली असताना फोन याने घेतला आणि मिसेसना इंटरेस्ट नाही म्हणून ठेवून दिला. तिला कळलं ते वर्षभराने, कुणाकडे तरी जेवायला गेल्यावर, गंमत म्हणून. बिचाऱ्यांना वाटलं ही खरंच इंजिन उघडते, तो म्हणाला होता. त्या रात्री तिने स्वतःची समजूत घातली: त्याला कळतच नाही. बँकेतला माणूस, इंजिनातलं ओ की ठो ठाऊक नाही, बायकोला काय येतं हेही ठाऊक नाही. अडाणी आहे झालं. या एका शब्दावर तिने पुढची सगळी वर्षं काढली. अडाणी माणसाशी संसार करता येतो.

म्हणून तर हे इंजिन. मागच्या हिवाळ्यात तिने ते खोललं, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याची खुर्ची शेडखाली आणून. सिलिंडरवरची चकचकीत ॲल्युमिनियमची हेडं विकून टाकली आणि भंगारातून एका जुन्या मालट्रकची ओतीव लोखंडाची हेडं आणली — बारीक वाटांची, म्हणजे इंजिन हळू फिरतानाही हवा जोरात आत शिरेल. नवा कॅम साधा, स्वस्तातला, थोडाच वेळ झडपा उघडणारा. कार्ब्युरेटर लहान. त्याने आयुष्यभर ज्याला नाक मुरडलं ते ते सगळं. "बघा हं, किती लहान आहे," ती कार्ब्युरेटर त्याच्यासमोर धरून म्हणायची. तो डोळे मिटून घ्यायचा, आणि ती ते उघडेपर्यंत तशीच उभी राहायची. सावनी फोनवर म्हणाली, आई, जस्ट सेल इट ना. विकायचं नव्हतं. त्याच्या सिंहाचा ट्रॅक्टर करायचा होता, आणि तो होताना त्याचं तोंड बघायचं होतं.

दहाच्या सुमाराला बासित आला. याच्याच वर्कशॉपमध्ये तिने सिलिंडर घासून घेतले होते. इंजिनाभोवती एक फेरी मारून त्याने हळूच विचारलं, "भाभी, इतना छोटा कॅम... साहब से पूछा?"

"पूछा," ती म्हणाली. "मना नहीं किया."

बासितने खुर्चीकडे पाहिलं आणि मग पान्ह्यांच्या डब्यात उगाच काहीतरी शोधत राहिला.

नवा कॅम पहिल्यांदा चालवताना इंजिन हळू ठेवून चालत नाही. वीसेक मिनिटं जोरात फिरवत ठेवावं लागतं, म्हणजे त्याच्यावर तेल उडत राहतं, नाहीतर गाठी झिजतात. तिने चावी फिरवली. दुसऱ्याच झटक्याला ते पेटलं आणि शेडचे पत्रे थरथरले. जयप्रकाशचं डोकं वर आलं. डोळे चमकले, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला... त्याला वाटलं असेल, गर्जना शाबूत आहे. वाटू दे. ती घड्याळाकडे बघत होती आणि त्याच्याकडे बघत होती. जितका वर चढेल तितका खाली पडेल. मिनिटं भरली तसं तेलाचं प्रेशर पुन्हा एकदा बघून बासित नमाजाला निघाला.

मग दोघंच. तिने हळूहळू स्क्रू फिरवला. आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि जिथे जुनं इंजिन आचके द्यायचं तिथे हे स्थिरावलं — टुकटुक, शांत, एकसारखं. तिने त्याचा चहाचा कप मडगार्डवर ठेवला. कप वाजला नाही. तिने ब्रेक दाबून गिअर टाकला. आवाज किंचित जड झाला आणि गाडी सुटू बघणाऱ्या बैलासारखी पुढे रेटू लागली, बंद पडली नाही. गिअर काढून, हात पुसत ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. कितीतरी महिने ती याच तोंडाची वाट बघत होती.

त्या तोंडावर काही नव्हतं. तो नुसता ऐकत होता. मान कलती करून, अगदी बारकाईने — जशी ती स्वतः ऐकायची.

हात पुसायचं फडकं तिने खाली ठेवलं.

"एक विचारते," ती म्हणाली. "या कॅमला खाली दम नाही, असं मी तेव्हा म्हणाले होते. बरोबर होतं ते? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

पंजा पसरेल, असं तिला वाटलं. किंवा तो डोळे मिटून घेईल.

अंगठा वर आला. लगेच, जराही न अडखळता.

इंजिन टुकटुकत होतं. कळलं होतं. पोह्यांची बशी हातात घेऊन तो हसला तेव्हा कळलं होतं, प्रत्येक सिग्नलला ढकलणाऱ्यांना हाका मारताना कळलं होतं... म्हणजे फोनही. ही खरंच इंजिन उघडते, हे ठाऊक होतं म्हणूनच तो फोन ठेवला होता. विचारायचं काही उरलं नाही. तो शब्द, ज्यावर तिने एवढी वर्षं पाठ टेकली होती, तो मागून कुणीतरी काढून घेतला होता. अडाणी तीच होती.

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उतरत होती. इतके महिने तिचा राग त्या जुन्या इंजिनासारखाच होता — दारापाशी आपटायचा, गुरगुरायचा, आणि ही लाळ पुसायची वेळ आली, त्याला आंघोळ घालायची वेळ आली की आचका देऊन बंद पडायचा. तिने रुमाल काढला. सावकाश ओठ पुसला, हनुवटी पुसली, गळ्यापर्यंत आलेला ओघळ पुसला, आणि आतला तो राग बंद पडण्याची वाट बघितली.

पडला नाही. मोठाही झाला नाही. नुसता चालत राहिला, खालीच, एकसारखा. आणि हा आता काय काय ओढून नेईल, याची तिला भीती वाटली.

तिने रुमालाची घडी घातली. त्याचा अंगठा अजून वरच होता.