कातळावर आपटलेली कुदळ

मी कुदळ बोलतेय. दांड्याला सोनेरी रंग फासलेली, गळ्यात गोंड्याची माळ घातलेली, नगराध्यक्षांच्या काचेच्या कपाटात बंद असलेली कुदळ. हसू नका. हल्ली मला सगळ्याचाच राग येतो.

माझा जन्म जव्हारच्या बाजारात, एका लोहाराच्या भट्टीत झाला. सोम्याने मला विकत घेतलं आणि आपल्या लेकीच्या, चंद्रकलेच्या हाती दिलं. त्यांचा पाडा कातळावर. उन्हाळ्यात चंद्रकला आणि तिची मैत्रीण धाकली मला घेऊन सुकलेल्या ओढ्यात उतरायच्या, आळीपाळीने झिरा खणायच्या आणि वाटीने पाणी भरायच्या. तेव्हा माझं टोक लख्ख असायचं.

पुढे पाडा करंजवाडी नगरपंचायतीत गेला आणि चंद्रकला निवडणुकीला उभी राहिली. प्रचारात मला खांद्यावर घेऊन ती दारोदार फिरली. "याच कुदळीनं पाड्यावर पाण्याची टाकी आणीन," म्हणायची. लोकांनी तिला निवडून दिलं, ती नगराध्यक्ष झाली. मिरवणुकीत धाकली तारप्याच्या सुरांवर पाय दुखेपर्यंत नाचली. मीही खूश होते. मूर्खच मी!

टाकीच्या भूमिपूजनाला ठेकेदार हरेशने युक्ती काढली. कातळावर कुदळ मारली तर मॅडमच्या हाताला झिणझिण्या येतील, म्हणून त्याने दुसरीकडून माती आणून तिथे ढीग घातला. वर फुलं पसरली. चंद्रकलेने मला त्या मऊ मातीत मारलं. टाळ्या, पेढे, फोटो! गाड्या निघून गेल्या, पावसात माती वाहून गेली, कातळ होता तसाच राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ढीग, पुन्हा तेच पेढे. लाज वाटली ती मला. बाकी कुणाला वाटलेली दिसली नाही.

मधल्या काळात चंद्रकला नळ असलेल्या घरात राहायला गेली. तिच्या तळहाताचे घट्टे गेले. मुठीत धरलं की मला ते कळायचं.

यंदा तिसरं भूमिपूजन होतं. पण पाहुणे यायच्या आधीच धाकली आणि पाड्यावरच्या बायकांनी सगळी माती टोपल्यांत भरून नेली. फुलं मात्र कातळावर होती तशीच पसरून ठेवली.

"मॅडम, जरा जोरात," फोटोवाला म्हणाला.

खण्ण! माझं टोक तुटलं. चंद्रकला कळवळली.

"माती कुठं गेली?" हरेश ओरडला.

"आमच्या वाफ्यात घातली," धाकली म्हणाली. मग तिने चंद्रकलेपुढे हात पुढे केला. "बाय, टाकी ऱ्हाऊंदे. कुदळ तेवढी परत दे. झिऱ्यात वरवर पानी नाय लागत आता. आमी खोल खणतू."

माझ्याभोवतीची चंद्रकलेची बोटं सैल पडली. दे, चंद्रकले, दे! मी आतल्या आत किंचाळत होते.

"मॅडम, ट्रॅक्टर निघालाय. माती येतेच आहे," हरेश म्हणाला.

बोटं पुन्हा आवळली. माती आली, फोटो झाला.

आता मी पुन्हा कपाटात आहे. तुटलेल्या टोकावरही सोनेरी रंग चढलाय. कुणी ऐकत असाल तर ही काच फोडा. मला पूजा नको, माळ नको, मान तर नकोच नको. मला धाकलीकडे पोचवा. झिरा खणायला तुटकं टोकही चालतं.