योगिनीचा हातगुण

डोंबिवलीच्या त्या लॅबमध्ये नारळ फुटला आणि काउंटरपुढच्या चाळीस मोबाइलवर एकदम टिंग झालं! ‘आपला रिपोर्ट तयार आहे.’ शुगरवाले, थायरॉइडवाले, सगळ्यांचे हात जोडले गेले. कोपरचे काळुरामबाबा दाढी कुरवाळत म्हणाले, “सर्व्हरात अतृप्त करंट अडकलेला. मोकळा केला.”

करंट म्हणे अतृप्त! संगणकावर रिपोर्ट भरणाऱ्या योगिनीला एरवी हसू आवरलं नसतं. पण बाबा आता तिच्याकडे वळले होते. “या पोरीचा हातगुण वाईट. हिने भरलेले रिपोर्ट अडकतात.”

आणि अडकत होते, हेच तर दुखणं! नवं सॉफ्टवेअर आल्यापासून बाकीच्यांचे मेसेज तासाभरात जात, तिचे संध्याकाळपर्यंत तुंबत. मालक जगनशेठ नजर चुकवत म्हणाले, “योगिनी, उद्यापासून नको येऊस गं. लोक बोलतात.”

“शेठ, सहा वर्षं झाली! चहालासुद्धा उठत नाही मी!”

बोलता बोलता ती थबकली. बाकीचे दर तासाला एन्ट्रीची विंडो बंद करून चहाला पळत. योगिनी मात्र सकाळी उघडलेली विंडो थेट घरी जाताना बंद करायची. आणि पूजेआधी बाबांची आज्ञा काय? सगळं बंद करा, जागा सोडा.

तिने पाच नवे रिपोर्ट भरले. “बाबा, आता फोडा. माझी विंडो उघडीच राहू दे.”

नारळ फुटला. मोबाइल ढिम्म.

“नारळ नासका निघाला,” बाबा म्हणाले. दुसराही नासकाच निघाला. मग योगिनीने, ना कापूर ना कुंकू, नुसती विंडो बंद केली. टिंग, टिंग, टिंग!

तिने कळव्याच्या सम्यकला, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला, फोन लावून स्पीकरवर घेतलं.

“अरे देवा,” तो ओशाळला. “ताई, सेव्ह केलं की नोंद कच्चीच राहते. विंडो बंद केली की सगळ्या एकदम पक्क्या होतात, त्याला कमिट म्हणतात. मेसेज कमिटनंतरच सुटतो. चूक माझी, प्रत्येक सेव्हला कमिट हवं होतं.”

जगनशेठ खाकरले. “उद्या ये हं.”

“येईन. पण नको येऊस, हे चारचौघांत बोलला होतात ना? आता चूक सॉफ्टवेअरची होती, हेही चारचौघांतच बोला.”

शेठ चाळीस माणसांसमोर बोलले. बाबा तेवढ्यात खोबरं गोळा करून निघाले.

तेव्हा मंडळी, उद्या कोणी एखादीला अपशकुनी म्हटलं, तर एवढंच विचारा: नारळ न फोडता काय होतं? बघायला काही खर्च येत नाही. न बघता एखादीची नोकरी मात्र जाते.